मदत हवी आहे: मायोइलेक्ट्रिक हाताचा स्कोअर सकाळी एक, दुपारी भलताच

लातूर_पीओ
स्नायूंच्या सिग्नलवर चालणाऱ्या कृत्रिम हाताची बॉक्स अँड ब्लॉक चाचणी घेतोय, म्हणजे ६० सेकंदांत मधल्या फळीवरून किती ठोकळे पलीकडे नेले ते मोजायचं. पेशंट तोच, हात तोच. सकाळी १७ ठोकळे, दुपारी ९. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. कोणता आकडा लिहू? सरासरी काढली तर चालेल का? लवकर सांगा.

मांजराकाठ
सरासरी अजिबात नको. आधी माहिती द्या. हात कोपराखाली कापलाय की वर? स्नायूंचा सिग्नल टिपणारे इलेक्ट्रोड किती? मनगट मोटरचं आहे का? मधे सॉकेट (कृत्रिम हात अडकवायचा कप) काढला होता का?

लातूर_पीओ
कोपराखालीच, दोन इलेक्ट्रोड, मनगट हाताने फिरवायचं. बॅटरी पूर्ण होती. जेवताना सॉकेट काढतात, नंतर परत घालतात. आकड्याचं सांगा ना.

गोदातीर
आकड्याचं उत्तर त्यातच आहे. मे महिना, दुपार, वर पत्रे असतील तर विचारूच नका. घामाचा थर इलेक्ट्रोडच्या पट्ट्या एकमेकींना जोडतो आणि सिग्नल पडतो. सॉकेटही खाली सरकतो. स्टंप (हाताचा उरलेला भाग) आणि सॉकेट पुसून कोरडे करा, सॉफ्टवेअरवर दोन्ही सिग्नल बघा: स्नायू सैल सोडून आणि आवळून, आधी कोपर अंगाशी ठेवून, मग हात समोर लांब करून. लांब केल्यावर पंजा आपोआप उघडत असेल तर तो पेशंटच्या कौशल्याचा दोष नाही, हाताच्या वजनाने इलेक्ट्रोड कातडीपासून सुटतोय. अशा वेळी गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवू नका. नको असलेला सिग्नलही वाढतो आणि मिटायचं सांगितलं तरी पंजा उघडतो.

बीडकर_ओटी
मुळात ठोकळे मोजून कौशल्य कळत नाही. एसीएमसी (मायोइलेक्ट्रिक हातावरचा ताबा बघून गुण देणारी चाचणी) घ्या. त्यात २२ बाबी, प्रत्येकीला ० ते ३ गुण. पेशंट स्वतःचं नेहमीचं काम करतो: डबा भरणं, कपड्यांच्या घड्या. पकडीचा जोर वस्तूप्रमाणे बदलतो का, न बघता सोडता येतं का, हे दिसतं. ६० सेकंदांत किती हलवले यातून हे कधीच कळणार नाही.

मांजराकाठ
एसीएमसी चांगलीच आहे, पण प्रशिक्षण घेतलेल्या परीक्षकाशिवाय ते गुण धरत नाहीत. सोमवारपर्यंत ते कुठून आणायचं? शॅप (हाताच्या कामांची दुसरी चाचणी) घ्या म्हणाल तर २६ कामं आणि ठरावीक साहित्य लागतं. आहे तीच चाचणी नीट घेऊ द्या.

जालना_शेती
शेतकरी असेल तर हा हात कशाला? धूळ, पाणी, औषधफवारणी. खांद्याच्या हालचालीने ओढून चालणारा केबलचा हूक द्या, काम वाजवून करतो.

बीडकर_ओटी
हात कोणता द्यावा हे इथे विचारलेलंच नाही. आणि हूकवाल्याचंही कौशल्य मोजावंच लागतं.

परभणी_मदत
यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का? नसेल तर आधी ते काढून घ्या, पुढे योजनांना लागतं.

गोदातीर
लातूर_पीओ, पेटी कुठली आहे? विकत घेतलेली की करून घेतलेली?

लातूर_पीओ
सुताराकडून करून घेतली. सागवानी ठोकळे, ऑइलपेंट मारलेले. मधली फळी साधारण वीतभर.

गोदातीर
हे आधी सांगायचं होतं. वीतभर म्हणजे २० सेंमीच्या आसपास, ठरलेली उंची १५.२ सेंमी. फळी उंच असली की खांदा उचलावा लागतो, हात लांबतो आणि वर सांगितलेला सुटण्याचा त्रास नेमका तिथेच होतो. ठोकळा २.५ सेंमीचा, एकूण १५०. ऑइलपेंट आणि गुळगुळीत ग्लोव्ह, त्यात धूळ, म्हणजे घसरणारच. पेंट घासून काढा, लाकूड उघडं ठेवा, फळी कापून घ्या.

मांजराकाठ
आणि नियम पाळा. आधी १५ सेकंद सराव. एकदम दोन ठोकळे उचलले तर एकच मोजायचा. बोटांची टोकं फळीपलीकडे गेलेली हवीत, अलीकडून फेकलेला मोजू नये. बाजूने मोबाइलवर चित्रण ठेवा, कारण पेशंट कंबरेतून वाकून भरपाई करत असेल तर ते आकड्यात दिसत नाही. दर फेरीत स्कोअर चढतच असेल तर तो चाचणीच शिकतोय. स्थिरावला की मगच पहिला आकडा धरा.

लातूर_पीओ
मग सोमवारी काय लिहू? दोन्ही रद्द?

मांजराकाठ
आताचे दोन्ही आकडे पेटीचं माप, वेळ आणि सॉकेटची स्थिती यांच्यासह लिहा, तुलनेला मात्र वापरू नका. फळी कापून झाली की फेरचाचणी सकाळीच, स्टंप कोरडा करून, सॉकेट घातल्यावर तेवढ्याच मिनिटांनी. त्याआधीचा सिग्नलचा स्क्रीनशॉट रिपोर्टला जोडा.