परसामागे आठ फुटी संरक्षक भिंत : जांभा चिरा की गॅबियन? (खानापूर तालुका)

नमस्कार. जांबोटीच्या बाजूला आमचे घर असून परसामागचा डोंगरउतार सुमारे चाळीस फूट लांब आणि आठ फूट उंच असा उभा कापलेला आहे. वर काजूची झाडे आहेत. कापलेल्या भागात वरचे तीन-चार फूट जांभा आणि त्याखाली पांढुरकी, गुलाबी छटेची चिकण माती दिसते. पावसाळ्यात या दोहोंच्या सांध्यातून पाणी पाझरते आणि गणपती होऊन गेले तरी तेवढी रेघ ओलीच राहते.

गवंड्यांच्या मते सिमेंटमध्ये बांधलेली पंधरा इंची चिऱ्याची भिंत पुरेशी आहे. कुंपणासाठी ती पुरेलही; इथे मात्र तिला डोंगर अडवायचा आहे. ढोबळ हिशेबाने आठ फूट उंचीच्या निचऱ्याच्या मातीचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला पावणेदोन टनांच्या आसपास येतो, पण मागे वरपर्यंत पाणी साचले तर पाणी आणि माती मिळून तो चार टनांजवळ जातो. म्हणून माझी खरी चिंता दगडाची नसून पाण्याची आहे. केवळ वजनावर उभ्या राहणाऱ्या भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे चार ते पाच फूट रुंद धरावा, मागे फूटभर खडीचा थर आणि जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देऊन माती अडवणारे) घालावे, पाच-पाच फुटांवर चार इंची पाइप बाहेर काढावेत आणि डोंगराच्या माथ्याशी चर खणून वरचे पाणी बाजूला वळवावे, असा माझा विचार आहे.

गॅबियनमधून, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांच्या भिंतीतून, पाणी आपोआप निघून जाते, हे मला आवडते. परंतु जाळ्यांत भरायला टणक काळा दगड लांबून आणावा लागेल, आणि घर व डोंगर यांच्यामध्ये जागा जेमतेम नऊ फूट आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे : जाळ्यांत जांभ्याचे तुकडे भरले तर ते वजनाखाली व ओलीत झिजतील का? चिकण मातीवर पाया किती खोल घ्यावा, की मुरूम लागेपर्यंत खणणेच बरे? पाया खणताना डोंगर सुटू नये म्हणून दहा-दहा फुटांचे टप्पे करावेत का? वळीव सुरू झाला असल्याने, हे काम आता हाती घ्यावे की चर तेवढा खणून दिवाळीनंतर बांधावे, याबद्दलही मत हवे आहे. आपल्या भागात अशी भिंत बांधून घेतलेल्यांनी अनुभव आवर्जून लिहावा.