टी ट्री ऑइलने गाल भाजल्यासारखे झालेत, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, माझी स्किन आधीपासूनच नखरेल, साबण बदलला तरी खाज सुटते. पिंपल्ससाठी टी ट्री ऑइल होतं ते अतिशहाणपणा करून काही न मिसळता तसंच कापसाने गालावर लावलं, दहा मिनिटांत अशी आग झाली की विचारू नका. आता लाली उतरलीय पण पापुद्रे निघतायत, सगळं बंद करून नुसतं व्हॅसलिन लावतेय. नंतर वाचलं की चेहऱ्याला 1 टक्क्याच्या आतच ठेवायचं, म्हणजे 30 मिली दुसऱ्या साध्या तेलात टी ट्रीचे जेमतेम 6 थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 ते 48 तास बघायचं. शिवाय तेल जुनं झालं, हवा-ऊन लागलं की जास्त त्रास देतं, आणि माझी बाटली वर्षभर बाथरूमच्या खिडकीत!

तर मिसळायला जोजोबा बरं का बदाम तेल, खोबरेलाने मला पुरळ येतं. सासूबाई म्हणतात लिंबाचं तेल लाव, पण ते लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात ना? आणि एकदा अशी रिअॅक्शन आल्यावर पातळ करून परत वापरलंय का कोणी, की कायमचा रामराम? स्किनवाल्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट (कशाची अॅलर्जी आहे ते बघायची चाचणी) केली असेल तर तेही सांगा प्लीज.