मदत हवी आहे: लाकडी जमिनीच्या खोलीत टर्नटेबल कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर एलपी ऐकण्यासाठी कायमची मांडणी करतोय. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२००, कार्ट्रिज (सुई असलेला भाग) डेनॉन डीएल-१०३. बाबांनी जमवलेल्या कुमारजींच्या आणि किशोरीताईंच्या तबकड्या आता नीट वाजायलाच हव्यात, म्हणून हा खर्च काढलाय.

खरी अडचण जमिनीची. खाली तुळया, वर फळ्या. कोणी शेजारून चाललं तरी टोनआर्म (सुई धरणारा दांडा) थरथरतो आणि ऐन आलापात स्पीकरमधून 'धप्प' ऐकू येतं. पाऊल जोरात पडलं तर सुईच उडते. रबरी पाय झाले, ग्रॅनाइटची लादी झाली, फरक नाही. आता भिंतीला ब्रॅकेट लावून फळी टाकावी म्हणतो, पण भिंत मातीत बांधलेली; ड्रिल लावला की नुसता भुगा येतो, आणि भार दहा-बारा किलोंचा. अशा भिंतीत केमिकल अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेला बोल्ट) धरतो का? की तुळया भिंतीत शिरतात त्या टोकाला स्टँड ठेवला तर भागेल?

दुसरं, फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर. डीएल-१०३ हे एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट; जास्त आउटपुटच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजसाठीच्या साध्या इनपुटला ते पुरत नाही. ६० डेसिबलच्या आसपास गेन (सिग्नलची वाढ) लागतो. थेट एमसी फोनो स्टेज घ्यावा, की एमएम इनपुटच्या आधी व्होल्टेज दहापट करणारा १:१० स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर? दोन्हींवर ख्याल ऐकलेल्यांचं मत हवंय. तानपुरा कशावर जास्त मोकळा वाटला, तेही सांगा. हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) जड लावताय का? किती ग्रॅमचं?