मदत हवी आहे: सीडी प्लेअर न पाहता, नुसत्या स्पर्शाने कसा चालवायचा?

बाबांची नजर अलीकडे बरीच अधू झाली आहे. मोबाईलवर गाणी लावून देता येतात, पण त्याची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना काहीच सांगत नाही. त्यांच्याकडे सीडींचा मोठा संग्रह आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला, एका सीडीचा साधा प्लेअर आहे. प्लेअर व्यवस्थित चालतो, फक्त माहितीपुस्तिका नाही. कुणालाही हाक न मारता त्यांना हवं ते हवं तेव्हा ऐकता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मध्ये ट्रे. उजवीकडे ट्रे उघडायचं बटण, त्याखाली प्ले-पॉजचं एकच मोठं बटण, शेजारी स्टॉप, मग मागे आणि पुढे जायची दोन बटणं. सगळ्यात खाली बारीक बटणांची रांग: प्रोग्रॅम, रिपीट, रँडम, टाइम.

अडचणी अशा. सीडी आत गेल्यावर प्ले दाबलं की थोडा वेळ शांतता असते. बाबांना वाटतं बटण नीट दाबलं गेलं नाही, ते पुन्हा दाबतात आणि मग आवाज येतच नाही. मागे जायचं बटण कधी चालू गाण्याच्या सुरुवातीला नेतं, कधी आधीच्या गाण्यावर. काही सीडींवर पाऊण तासाचं एकच सलग गायन आहे, त्यात मधूनच कुठे जायचं तर कसं? आणि आवडीची चार-पाच गाणी निवडून तेवढीच ऐकता येतील का?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही मनावर घेतलंत हे फार छान. बाबांना बटणांची नावं शिकवण्याआधी यंत्राच्या तीन अवस्था शिकवा: ट्रे उघडा, सीडी थांबलेली, सीडी चालू. तेच बटण प्रत्येक अवस्थेत वेगळं वागतं, तुमचे बरेचसे प्रश्न तिथूनच येतात.

सुरुवातीची शांतता बिघाड नाही. सीडी आतून बाहेरच्या दिशेला वाचली जाते, रेकॉर्डच्या बरोबर उलट. मधल्या भोकाजवळच्या पट्ट्यात गाणी किती आणि कुठून सुरू होतात याची अनुक्रमणिका असते. ती वाचेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात प्ले दुसऱ्यांदा दाबलं, तर एकत्र बटण असलेल्या यंत्रात त्याचा अर्थ पॉज होतो. म्हणून ट्रे उघडा असतानाच प्ले एकदा दाबून हात बाजूला घ्यायचा. बहुतेक प्लेअर मग ट्रे स्वतः आत घेऊन वाजवायला लागतात. ट्रे हाताने ढकलायची सवय मात्र नको.

बाबांचे कान इथे उपयोगी पडतील. जवळ बसलं तर मोटरची घरघर ऐकू येते. सीडी आतल्या कडेला मिनिटाला साधारण 500 फेरे घेते, बाहेर सरकत जाते तशी मंदावत 200 च्या आसपास येते. पॉजमध्येही ती फिरत राहते, स्टॉप केल्यावर थांबते. फोन आला तर पॉज ठीक, जेवायला उठायचं असेल तर स्टॉप बरा. मात्र स्टॉपनंतर प्ले दाबलं की बहुतेक साधे प्लेअर पहिल्या गाण्यापासून सुरू होतात.

मागचं बटण: गाणं चालू असताना एकदा दाबलं की त्याच गाण्याची सुरुवात, पाठोपाठ दोनदा दाबलं की आधीचं गाणं. दोन दाबांत फार अंतर पडलं तर दुसरा दाबसुद्धा पहिल्यासारखाच मोजला जातो. पुढच्या बटणाचा असा घोळ नाही, एक दाब म्हणजे एक गाणं पुढे.

प्रतिसाद २

सलग गायनासाठी: बऱ्याच प्लेअरमध्ये हीच दोन बटणं दाबून धरली की गाण्याच्या आत मागेपुढे सरकता येतं. हे चालू असताना करावं, पॉजमध्ये नाही. चालू असताना सरकताना आवाजाचे तुकडे ऐकू येतात, त्यामुळे लय वाढली, तबला आला हे कानानेच कळतं. पॉजमध्ये बहुधा काहीच ऐकू येत नाही, नुसते आकडे पळतात, आणि ते बाबांच्या कामाचे नाहीत.

निवडक गाण्यांसाठी प्रोग्रॅम. तो स्टॉप अवस्थेत सुरू करायचा: प्रोग्रॅम दाबा, पुढच्या बटणाने गाण्याचा क्रमांक आणा, पुन्हा प्रोग्रॅम दाबून पक्का करा, असं करत शेवटी प्ले. काही यंत्रांत क्रम थोडा वेगळा असतो, पण सुरुवात स्टॉपपासूनच. ट्रे उघडला की ही यादी सहसा पुसली जाते. खरं सांगायचं तर स्पर्शाने वापरणाऱ्यासाठी प्रोग्रॅम त्रासदायक आहे. एखाद्या सीडीची यादी तुम्ही लावून द्या, बाबांनी फक्त प्ले दाबावं.

प्रतिसाद ३

माझ्या आत्याला दिसत नाही, ती रोज सीडी लावते. तिच्याकडून शिकलेलं सांगते.

प्ले आणि ट्रेच्या बटणावर उठावाचे चिकट ठिपके लावा: प्लेवर एक, ट्रेवर दोन. बाकी बटणं त्यांच्यापासून मोजत सापडतात. सगळ्यांवर ठिपके लावले तर एकही ओळखता येत नाही.

सीडीची बाजू बोटांना कळते. बहुतेक सीडींच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवती एक बारीक उंचवटा असलेलं कडं असतं. ते खाली हवं. ट्रेमध्ये दोन खळगे असतात: मोठा 12 सेंटिमीटरच्या नेहमीच्या सीडीसाठी, आतला 8 सेंटिमीटरच्या छोट्या सीडीसाठी. ठेवल्यावर कडेवरून बोट फिरवून ती सपाट बसली आहे ना ते बघायचं. तिरकी बसली तर अडकू शकते.

धागाकर्ती

मनापासून आभार. ट्रे उघडा ठेवून प्ले दाबायची युक्ती बाबांना लगेच जमली. मोटरच्या आवाजावरून तर ते मला सांगतात की सीडी सुरुवातीला आहे की शेवटाकडे!

एकच राहिलं. कधी कधी गाणी भलत्याच क्रमाने वाजतात, आणि घरी रेकॉर्ड केलेल्या दोन सीडी तर हा प्लेअर ओळखतच नाही.

प्रतिसाद १

क्रम बिघडतो तेव्हा रँडम चालू झालेलं असतं. खालच्या रांगेत बोट चुकून लागत असणार. ते बटण पुन्हा दाबलं की बंद होतं. त्या अख्ख्या रांगेवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून टाका, बाबांना तिची रोज गरज नाही.

घरी केलेल्या सीडी फायनलाइझ केल्या आहेत का, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटी सीडी बंद करण्याची पायरी केली आहे का, ते तपासा. ते राहिलं तर साध्या प्लेअरला अनुक्रमणिकाच सापडत नाही. एमपी3 फायली भरल्या असतील तर जुना प्लेअर त्या वाजवणार नाही, ऑडिओ सीडी म्हणूनच लिहाव्या लागतील. आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी वापरू नका. त्यांच्यावरून प्रकाश फार कमी परत येतो, जुन्या यंत्रांना तो पुरत नाही. एकदाच लिहायची सीडी घ्या, आणि आधी एकच करून वाजवून बघा.