ॲल्फ्रिक: प्रवचनं लिहिणाऱ्या भिक्षूला व्याकरणाशी काय घेणंदेणं?

खोडरबर:
जुन्या इंग्लंडचं वाचताना हा ॲल्फ्रिक ऑफ एन्शम सापडला, साधारण ९५५ ते १०१० चा. चाळीस-चाळीस प्रवचनांचे दोन संच, संतचरित्रं, आणि मधेच चक्क लॅटिनचं व्याकरण. भिक्षूला हे कुठून सुचलं?

पेठेतला_पुस्तकवेडा:
मधेच कसलं, एकच काम आहे ते. बायबल, प्रार्थना सगळं लॅटिनमध्ये आणि पाद्र्यांचीच बोंब. व्याकरणाच्या प्रस्तावनेत तो सरळ म्हणतो की आर्चबिशप डन्स्टन आणि बिशप एथेलवोल्डने मठांत शिक्षणाची घडी बसवायच्या आधी इंग्लिश पाद्र्याला लॅटिन पत्र ना धड लिहिता यायचं ना वाचून कळायचं. एथेलवोल्ड म्हणजे विंचेस्टरचे ह्याचे गुरू. मग पोरांना लॅटिन शिकवायला ह्याने इंग्लिशमधून व्याकरण लिहिलं, लोकभाषेतून लिहिलेलं लॅटिनचं पहिलं व्याकरण मानतात ते.

सांजवात:
त्याचा लहानपणचा एक मास्तर पाद्रीच होता, लॅटिन अर्धवट. तो सांगायचा की बायबलमधल्या याकोबाला चार बायका होत्या, दोन बहिणी आणि त्यांच्या दोन दासी. आता हे खरंच आहे, पण जुना नियम (ख्रिस्ताच्या आधीचा, तेव्हा हे चालायचं) आणि नवा नियम (ख्रिस्तानंतरचा, आता चालत नाही) यात फरक काय हे मास्तरांनाच माहीत नाही तर पोरांना काय डोंबल सांगणार! वाचणाऱ्यांचाही असाच घोळ होईल म्हणून जेनेसिसचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं, भाषांतर करतानाही ॲल्फ्रिक बिचकतच होता, एथेलवेअर्ड सरदार मागे लागले म्हणून केलं.

कोकणी_माणूस:
आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्स. तेही इंग्रज, क्रिस्तपुराणही लिहिलं आणि कोकणीचं व्याकरणही. काळ मात्र सहाशे वर्षं नंतरचा.

पेठेतला_पुस्तकवेडा:
हो, पण ते परकी भाषा शिकून तिचं व्याकरण लिहीत होते, हा घरच्या पोरांसाठी. आणि ह्याचं 'कलोक्वी' बघाच, लॅटिन बोलायची सवय व्हावी म्हणून लिहिलेले संवाद. नांगऱ्या म्हणतो कितीही थंडी असो मालकाच्या भीतीने घरी बसायची सोय नाही, रोज एकरभर तरी नांगरायचं. कोळ्याला विचारतात व्हेल पकडशील का, तो म्हणतो नको रे बाबा, बोट बुडवेल. मठातल्या पोराला विचारतात आज फटके खाल्लेस का, तर नाही म्हणतो, जपून वागलो. आणि बाकीच्यांनी? मला कशाला विचारता, आमची गुपितं मी सांगणार नाही!

खोडरबर:
हे भारीये. इंग्रजीत मिळेल ना?

सांजवात:
मिळेल. एका हस्तलिखितात लॅटिन ओळींच्या वर जुन्या इंग्लिशमध्ये अर्थ लिहिलेत, ते मात्र त्याचे नाहीत, नंतर कोणीतरी घातलेत.