शब्दचर्चा : 'मनन' म्हणजे नेमकं करायचं काय?

शेवंती :
रोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचते. मग पुस्तक मिटते, डोळे मिटते आणि प्रार्थनेला बसते. बरीच वर्षं हाच क्रम आहे. हल्ली मात्र जाणवायला लागलंय की पुस्तक मिटलं की वाचलेलंही तिथेच मिटतं. प्रार्थनेत पुन्हा कालचीच यादी : घरच्यांच्या तब्येती, मुलाची परीक्षा, मैत्रिणीचं दुखणं. हे सगळं देवापुढे ठेवायचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नुकतं जे वाचलं त्याचा या मागण्यांना वाराही लागलेला नसतो.

पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं 'रात्रंदिवस मनन करतो'. मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेल्या यहोशवालाही (यहोशवा १:८) तेच सांगितलंय. वाचन आणि प्रार्थना यांच्यामधलं हे मनन माझ्याकडून राहून जात असावं. पण मनन म्हणजे करायचं काय? चिंतन आणि ध्यान यांच्यापेक्षा ते वेगळं कसं? विचार करायला म्हणून बसले की मन भलतीकडेच जातं.

पानगळ :
शब्दांपुरतं सांगते. 'मनन' हे 'मन्' धातूपासून, मानणं, विचार करणं. 'चिंतन' हे 'चिंत्'पासून, आणि मराठीत त्या घरातली 'चिंता'च जास्त राबते. 'ध्यान' हे 'ध्यै'पासून, पण बोलण्यात आपण ते आठवणीसाठी वापरतो : ध्यानात ठेव, ध्यानीमनी नसताना.

'मनन'ला एक जुनी शिस्त आहे. बृहदारण्यक उपनिषदात 'श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः' असा क्रम येतो. आधी ऐकायचं, मग मनन, मग त्याचाच ध्यास. तिथे मनन म्हणजे ऐकलेलं बुद्धीने पडताळून शंका फेडणं. म्हणजे हा शब्द मराठी बायबलात आला तो डोक्याचं काम सोबत घेऊनच आला. पुढे भाषणांमध्ये 'चिंतन-मनन' ही जोडी इतकी वापरली गेली की दोन्ही शब्द बोथट झाले. तुमची अडचण थोडी या शब्दामुळेही असेल.

कंदील :
पानगळ यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. स्तोत्रं मुळात हिब्रूत आहेत आणि मी ती भाषा थोडीफार शिकलो आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

स्तोत्र १:२ मध्ये 'मनन करतो' यासाठी 'येहगे' हे क्रियापद आहे. हे क्रियापद मुळात आवाजाचं आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह सावजावर उभा राहून गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद. यशया ३८:१४ मध्ये हिज्कीया राजा आजारातून उठल्यावर आपलं दुखणं आठवून म्हणतो की मी पारव्यासारखा घुमत होतो, तिथेही हेच. पारवा घुमतो म्हणताना आपल्या कानात जो आवाज येतो ना, छातीतून निघणारा, सलग, तोंड फारसं न उघडता, तो पहिल्या स्तोत्रातल्या माणसाचा आवाज आहे. तो गप्प बसून विचार करत नाहीये. तो वचन तोंडातल्या तोंडात म्हणतोय.

यहोशवा १:८ पुन्हा वाचा. नियमशास्त्राचा ग्रंथ यहोशवाच्या *मुखातून* ढळू नये असं तिथे म्हटलंय. आपण 'मनन' हा शब्द दिसला की मुख विसरतो आणि सरळ मनाकडे धावतो.

त्या काळी वाचन बहुतेक मोठ्यानेच होई. प्रेषितांची कृत्ये ८:३० मध्ये सुवार्ता सांगणारा फिलिप्प एका कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत जातो, तेव्हा तो यशया वाचत असल्याचं त्याला *ऐकू येतं*. चौथ्या शतकाच्या अखेरीस, मिलानचा बिशप अँब्रोज नुसत्या डोळ्यांनी वाचतो, आवाज करत नाही, ही गोष्ट ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताला मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली.

आणखी एक हिब्रू शब्द आहे, 'सियाख'. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्यात दिसतं. स्तोत्र ११९:१५ मध्ये 'तुझ्या विधींचं मनन करीन' म्हणताना याच मुळाचं क्रियापद आहे. स्तोत्र १०२ च्या मथळ्यात दीन माणूस परमेश्वरापुढे आपलं गाऱ्हाणं ओततो, तिथे गाऱ्हाण्यासाठी 'सियाख'च. वचनाशी बोलणं आणि देवाशी बोलणं यांना तिथे एकच शब्द पुरतो. तुमच्याकडे त्यांची दोन कामं झालीत, मधे पुस्तक मिटण्याचा आवाज.

शेवंती :
'पारवा घुमतो' हे वाचून थांबलेच. मग मराठीत 'पुटपुटणे' म्हणायचं का? पण पुटपुटण्यात नाराजी येते. वरिष्ठ बोलले आणि हा पुटपुटत निघून गेला, असं.

पानगळ :
नाराजी येतेच, पण शब्द अगदी टाकून देऊ नका. मुलासाठी देवाकडे रडून मागणारी हन्ना आठवा, १ शमुवेल १:१३. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं की बाई प्यायली आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते पुटपुटणंच होतं. शब्द थोडा ओशाळवाणा आहे, पण ती प्रार्थना ओशाळवाणी नव्हती.

मोरपीस :
मला एक धास्ती वाटते, ती मांडतो. मत्तय ६:७ मध्ये प्रभू येशूने प्रार्थनेतली व्यर्थ बडबड नको म्हटलंय. एकच वचन परत परत म्हणायचं तर ते घोकणं होणार नाही का? लहानपणी वचनं पाठ करून धडाधड म्हणून दाखवायचो, बक्षीसही मिळायचं. त्यातलं एकही वचन तेव्हा प्रार्थना झालं नाही. आणि 'येहगे'चंच मूळ स्तोत्र २:१ मध्येही आहे ना? तिथे लोक व्यर्थ मनसुबे रचतात. म्हणजे तोंडातल्या तोंडात चाललेलं सगळंच पवित्र नसतं.

कंदील :
हो, मूळ तेच. दोन स्तोत्रं शेजारी-शेजारी आणि दोन्हीकडे तोच आवाज, एकीकडे वचनाचा, दुसरीकडे बंडाचा. माणूस काहीतरी घुमवत असतोच. अपमान घुमवतो, भीती घुमवतो, उद्या कुणाला काय सुनवायचं ते घुमवतो. त्या जागी काय ठेवायचं, एवढंच पहिलं स्तोत्र सांगतं.

घोकण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे. फक्त पाठांतर झालेलं असलं की वचन अंधारातही हाताशी राहतं. नंतर कधीतरी ते कामी येतं.

जुनं पान :
शेवंती, वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते. तू शोधतेयस तो शब्द मला वाटतं 'घोळवणे' आहे.

घोकणं निराळं. घोकताना पुढची ओळ गाठायची घाई असते. घोळवताना कुठेच जायचं नसतं. खडीसाखर तोंडात घोळवतात, चावत नाहीत. आणि हाच शब्द मनालाही चालतो : 'कालपासून तुझं बोलणं मनात घोळतंय.' जीभ आणि मन दोघांना पुरणारा शब्द आपल्याकडे आयता आहे.

मठांमधून 'लेक्सिओ दिव्हिना' नावाची वाचनाची जुनी रीत चालत आली. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या संन्याशाने मठासाठी लिहिलेल्या आपल्या नियमांत तिच्यासाठी दिवसातले तास राखून ठेवले. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या साधूंच्या पंथाच्या) मठाधिपतीने तिची चार पायऱ्यांची शिडी सांगितली : वाचन, मनन, प्रार्थना, दर्शन. त्याने दाखला दिलाय तो खाण्याचाच. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला चव कळते, आणि दर्शन म्हणजे खुद्द गोडवा. लॅटिनमध्ये या चावण्याला 'रुमिनात्सिओ' म्हणत, म्हणजे आपलं रवंथ. गाय चरताना पटापट गिळते आणि मग सावलीत बसून तेच परत वर आणते. सकाळी वाचलेलं दुपारी परत वर आलं नाही तर ते नुसतं गिळलं असं समजावं.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. यजमानांच्या आजारपणात रात्रीची त्यांच्या उशाशी बसत असे. दिवा मालवलेला, वाचता येत नसे. तेविसावं स्तोत्र तेवढं तोंडपाठ होतं : 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' शंभरदा म्हटलेलं वाक्य. त्या रात्री 'उणे'वर जीभ अडली. उणे म्हणजे वजाबाकी, शाळेतली आडवी रेघ. आणि माझ्यासमोर रोज एकेक गोष्ट वजा होत होती, आधी चालणं, मग जेवण, मग बोलणं. मी ते वाक्य परत म्हटलं, पण आता देवाला विचारत होते : उणे पडणार नाही म्हणालास ना? मग हे काय चाललंय? किती वेळ विचारत होते कुणास ठाऊक. केव्हातरी 'माझा' हा शब्द वर आला आणि मी 'उणे' सोडून 'माझा'ला धरलं. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही. पण त्या रात्री मी प्रार्थना करतेय हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मोरपीस :
काकू, माझी शंका गेली. बडबडीत आपण बोलत सुटतो. यात वचनच आपल्याला अडवतं.

पानगळ :
'घोळवणे' मनोमन पटलं. त्याच्या शेजारी आणखी एक शब्द ठेवते, 'आळवणे'. गवई राग आळवतो, म्हणजे तेच स्वर पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडे वेगळे लावून, त्यांच्यात मुरत जातो. आणि आपण देवालाही आळवतो, म्हणजे विनवतो. कंदील यांनी 'सियाख'चं जे सांगितलं तसाच हा शब्द दोन्हीकडे पाय रोवून उभा आहे. वचन घोळवता घोळवता ते आळवणं कधी होतं, ती रेघ दाखवता येणार नाही. जुनं पान यांच्या रात्री ती 'म्हणालास ना?' मध्ये ओलांडली गेली.

'प्रार्थना' या शब्दात 'अर्थ्' आहे, मागणं. म्हणून आपल्या प्रार्थनेची यादी होते. आळवणीची यादी होत नाही.

कंदील :
नोंदीसाठी : लूक २:१९ मध्ये मेंढपाळांचं बोलणं ऐकून मरीया मनन करते, तिथला ग्रीक शब्द (नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे) पुन्हा निराळा आहे, 'सुम्बाल्लुसा'. अक्षरशः 'एकत्र टाकणारी'. ऐकलेलं आणि स्वतःवर गुजरलेलं शेजारी-शेजारी ठेवून बघणारी. मराठीत दोन्हीकडे 'मनन'च असल्याने हा फरक झाकला जातो.

आणि शेवंतीताई, सुरुवातीला सोपं जावं म्हणून एक सुचवतो. जिथे देव किंवा येशू प्रश्न विचारतो तिथे थांबा. उत्पत्ती ३:९ मध्ये आदामाला विचारलेलं 'तू कोठे आहेस?' मार्क १०:५१ मध्ये आंधळ्या बार्तीमयाला विचारलेलं, मी तुझ्यासाठी काय करावं? प्रश्न मोठ्याने वाचा आणि पुढची ओळ वाचण्याआधी स्वतःचं उत्तर द्या. तुमची ती यादी तिथे आपोआप येईल, पण विचारल्यावर आलेली असेल.

मात्र संदर्भ सोडू नका. वचन कुणी, कुणाला, कशासाठी म्हटलं हे आधी वाचून घ्या, मग घोळवा. नाहीतर आपण आपलाच आवाज देवाच्या तोंडी घालतो.

शेवंती :
चार दिवसांनी लिहितेय. अध्याय सोडला आणि तेरावं स्तोत्र घेतलं, कारण लहान आहे. मोठ्याने वाचायला आधी संकोच वाटला, स्वयंपाकघरात मुलगा होता. मग पारव्याचं आठवून आवाज खाली घेतला.

'कोठवर?' या शब्दापाशीच आहे. पहिल्या दोन वचनांत तो चारदा येतो. पहिल्या दिवशी तो स्तोत्र रचणाऱ्या दावीदाचा होता. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मैत्रिणीच्या दुखण्याबरोबर आपोआप तोंडात आला, 'कोठवर, प्रभू?' आणि हात तसेच थांबले. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करत होते, पण असं विचारलं नव्हतं कधी.

शेवटच्या दोन वचनांत सूर बदलून भरवसा येतो, हे वाचून माहीत आहे. तिथवर अजून पोचले नाही. उद्या परत पहिल्यापासून.