मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर शिकायला निघाली आहे. उरलेल्या तीन आठवड्यांत तिला काय शिकवावे?

प्रश्न : एक पालक, यावल तालुका

नमस्कार. माझ्या मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला प्रवेश मिळाला आहे. तीन आठवड्यांनी वर्ग सुरू होतील. आमच्या घरातून शिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर जाणारी ती पहिलीच आहे. मी चार एकरांवर केळी करणारा शेतकरी आहे. घरात सगळ्यांनाच आनंद झाला आहे, परंतु गेल्या आठवड्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने मला फार अस्वस्थ केले.

शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही दोघे सेतू केंद्रात गेलो होतो. तेथील मुलाने तिला विचारले, "ताई, तुमचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का?" तिने माझ्याकडे पाहिले. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला आपले खाते कोणत्या शाखेत आहे हेही ठाऊक नव्हते, कारण ते मी उघडले होते, पासबुक माझ्या कपाटात होते आणि तिची त्यावर सही तेवढी घेतलेली होती. यात तिची काहीच चूक नाही. दहावीपासून आम्ही तिला ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही पाहतो’ असेच सांगत आलो, आणि खरोखरच बाकीचे सगळे आम्हीच पाहिले. तिने आजवर एकटीने एसटीचा प्रवास केलेला नाही, औषधाच्या दुकानात जाऊन काही मागितलेले नाही, की स्वतःची चादर धुतलेली नाही.

आता उरलेल्या दिवसांत कशापासून सुरुवात करावी, आणि दरमहा पैसे कसे द्यावेत, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे. तिच्या फोनचे लोकेशन आम्हाला सतत दिसत राहावे असे माझ्या पत्नीला वाटते. माझे मन याबाबतीत होत नाही, पण ठामपणे नाहीही म्हणवत नाही.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, धुळे

सर्वप्रथम मुलीचे अभिनंदन. सेतू केंद्रातील प्रसंग आपण लपवला नाही, हे चांगले केले. माझ्या सेवेत असे शेकडो विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या पालकांना प्रवेशानंतर पुन्हा पुन्हा नोकरी-शेती सोडून महाविद्यालयाच्या कार्यालयात खेटे घालावे लागलेलेही पाहिले आहेत.

सुरुवात कागदपत्रांच्या फाइलपासून करा, आणि ती फाइल तिलाच लावू द्या. आपण शेजारी बसावे, पण कागदाला हात लावू नये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालय जमा करून घेते, म्हणून त्याच्या आठ-दहा छायाप्रती आधीच काढून ठेवाव्यात. गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र यांच्या स्कॅन केलेल्या प्रती तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये असाव्यात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. ही तारीख आजपर्यंत आपल्या डोक्यात होती, ती यापुढे तिच्या डोक्यात असली पाहिजे.

आपण इतर मागास प्रवर्गात असाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत देणारा निर्णय राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांतील मुलींनाही तो लागू आहे. मात्र वसतिगृह आणि मेस यांचा खर्च त्यात येत नाही, आणि महाडीबीटी पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी वडिलांनी अर्ज भरला आणि दुसऱ्या वर्षी ‘मला वाटले बाबांनी भरला’ म्हणून तो राहूनच गेला, असे घडताना मी पाहिले आहे. लॉगिन तिच्या मोबाइल क्रमांकावर करा.

वसतिगृहाची सोय झाली नसेल, तर पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवते, तेथे अवश्य चौकशी करा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही आहे.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही द्यावे लागते. बहुतेक घरांत ते न वाचताच सही करून दिले जाते. आपण ते तिच्यासोबत बसून मोठ्याने वाचा आणि १८००-१८०-५५२२ हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा क्रमांक तिच्या फोनमध्ये तिलाच साठवायला सांगा.

उत्तर : एक आई, जळगाव

माझा मुलगा चार वर्षांपूर्वी पुण्याला गेला. मी त्याच्यासोबत दोन मोठी खोकी दिली होती : बिबडे, कळण्याचे पीठ, दादर ज्वारीचे पीठ, काळा मसाला, तिखट, सगळेच. वसतिगृहात शेगडी वापरायला परवानगी नाही, हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. दिवाळीला तो परत आला तेव्हा कळण्याच्या पिठात पोरकिडे झाले होते आणि पिशवीची गाठही सुटलेली नव्हती. म्हणून ताईंना सांगा, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी द्या, बाकीचा मोह आवरा. मेसची भाजी आपल्या जिभेला सपक लागते आणि पहिल्या महिन्यात मुलांचे जेवण त्याच कारणाने कमी होते. चटणी असली की पोळी पोटात जाते.

पण मला खरे सांगायचे आहे ते तापाविषयी. तिसऱ्याच आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, "आई, किती ताप असला म्हणजे डॉक्टरांकडे जायचे?" थर्मामीटर मीच दिला होता, तो त्याच्या हातात होता, आणि त्यावरचा आकडा त्याला वाचता येत होता, पण त्या आकड्याचे पुढे काय करायचे हे त्याला माहीत नव्हते, कारण घरी कपाळावर हात ठेवून मीच ठरवत असे. त्या रात्री मी फोन हातात धरून बसून राहिले. आपल्या मुलीला औषधांचा डबा तयार करून देऊ नका. तिला दुकानात पाठवा, एकेक पाकीट तिलाच विकत आणू द्या आणि प्रत्येकावर कशासाठी, किती आणि जेवणाआधी की नंतर, हे तिच्याच अक्षरात लिहून घ्या. रक्तगट आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, हेही तिला तोंडपाठ हवे.

पैशांबद्दल एवढेच सांगते की, वसतिगृह आणि मेसचे पैसे वेगळे भरा आणि वरखर्चाची रक्कम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकदाच पाठवा. हा सराव आतापासूनच घरी करून घ्या. आठवड्याची रक्कम तिच्या हाती द्या आणि ती पाच दिवसांत संपली तरी उरलेले दोन दिवस आणखी देऊ नका. आईच्या सावलीत असतानाच हात आखडला तर तो फार दुखत नाही.

उत्तर : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मूळ शिरपूरची, सध्या पुणे

काका, तुमची मुलगी आज जिथे उभी आहे तिथून मी दोन वर्षांपूर्वी निघाले, म्हणून लिहिते आहे.

आधी प्रवासाचे सांगते. तिला एकदा तरी एकटीने जळगाव ते पुणे एसटीने येऊ द्या. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हा सराव महागही पडत नाही. शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले, ही गोष्ट मला पहिल्या खेपेला माहीत नव्हती आणि पहाटे रिक्षावाल्याशी बोलताना माझी फार घालमेल झाली. उतरायचे ठिकाण, तिथून वसतिगृहाकडे जाणारी पीएमपीची बस आणि रिक्षाचे साधारण भाडे हे तिने आधीच शोधून वहीत लिहावे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. माझ्या खोलीतल्या दोघी शहरातल्या होत्या. पहिल्या रात्री मी घरी अहिराणीत बोलले आणि वाक्याच्या शेवटी येणारा ‘शे’ ऐकून त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आज कळते; पण त्यानंतर दोन महिने मी आईशी प्रमाण मराठीत बोलत राहिले, आणि आईला वाटले की मुलगी बदलली. तुमच्याकडे लेवा बोली आहे. मुलीला आधीच सांगा की कोणी हसले तरी घरच्यांशी घरच्याच बोलीत बोल. मी पुन्हा अहिराणीत बोलू लागले तेव्हा त्याच दोघी मला शब्द विचारू लागल्या.

लोकेशनबद्दल काकूंची काळजी मला समजते. तरीही कृपया ते सतत चालू ठेवायला लावू नका. माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी ते दिसत असे, आणि ग्रंथालयातून वसतिगृहात यायला वीस मिनिटे उशीर झाला की तिचा फोन वाजत असे. हळूहळू ती फोन मैत्रिणीकडे खोलीवर ठेवून बाहेर पडू लागली. त्यापेक्षा बोलण्याची एक वेळ ठरवा, आणि त्या वेळी ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ एवढेच न विचारता बागेत काय चालले आहे तेही सांगा. घड कापणीला आले, भाव काय निघाला, आजीचे गुडघे कसे आहेत, हे ऐकले की घर जवळ आल्यासारखे वाटते. मला पहिल्या वर्षी परीक्षेमुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येता आले नाही. त्या दिवशी आईने व्हिडिओ कॉलवर झोका दाखवला होता, तो मला अजून आठवतो.

उत्तर : एक वडील, नंदुरबार

वरील ताईंच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु लोकेशन सरसकट नाकारू नये असे मला वाटते. आमच्या घरी असे ठरले आहे की, रात्रीच्या प्रवासात मुलगी स्वतःहून ते चालू करते आणि पोहोचल्यावर स्वतःच बंद करते. दोन वर्षांत त्यावरून एकदाही वाद झाला नाही, कारण तो नियम आम्ही तिघांनी मिळून केला होता.

मूळ प्रश्नकर्ता पालक, यावल तालुका

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले सारे मी पत्नीला आणि मुलीला वाचून दाखवले. नंदुरबारच्या दादांनी सांगितलेला मार्ग पत्नीला पटला आहे.

काल मुलगी बँकेत आधार जोडण्याचा अर्ज घेऊन गेली. मी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. तिची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून तिला परत पाठवले. तिने दुसरा अर्ज मागून घेतला, उभ्यानेच भरला, पुन्हा रांगेत लागली. मी दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा परत बसलो. पाऊण तासाने ती पोचपावती घेऊन बाहेर आली आणि मी मागण्याआधीच ती तिने आपल्या फाइलमध्ये ठेवली.

कानबाईच्या सणाचे रोट झाले की मंगळवारी निघायचे ठरले आहे. एसटीची तिकिटे तिनेच काढली : जातानाची तीन आणि येतानाची दोन.